भिंतीवर की भिंतीच्या वर

बांधकामावर त्याला सगळे बगळोबा म्हणत. मान लांब, खांदे पुढे वाकलेले, बोलणं बेताचं, आणि काम असं की उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत एकट्यानं बसून दिवसभर खाली बघत राहायचं. तळ्याकाठचा बगळाच जणू. फरक एवढाच की बगळ्याच्या ध्यानात मासा असतो, याच्या ध्यानात फक्त हुक. मणामणाचं लोखंड उचलायचं आणि सांगतील तिथं फुलासारखं ठेवायचं, बाकी जगाशी त्याचं देणंघेणं नव्हतं. खालचे लोक म्हणायचे, बगळोबा मनात आणेल तर हुकानं चहाच्या कपावर बशी ठेवून दाखवेल. त्यानं तसं कधी केलं नाही, पण पैज लावायलाही कुणी पुढे आलं नाही.

एवढ्या उंचीवरून सगळंच दिसत असेल असं लोकांना वाटे. तसं नव्हतं. इमारत वाढत गेली तशी जिन्याची उंच भिंत मध्ये आली आणि तिच्यामागचा सगळा भाग त्याच्यापुरता आंधळा झाला. तिथं त्याचे डोळे म्हणजे कानाजवळचा वॉकी-टॉकी. खालून इशारेवाला बोलायचा, "बगळोबा, घे वर. डावीकडे. अजून हातभर. बस्स. सोड सावकाश." इशारेवाला जुना खोकलेकरी माणूस, तो कधी खोकतो यावरूनही बगळोबाला भारा कुठवर आलाय ते कळायचं.

भारे बांधायला आणि सोडायला त्याचा मेहुणा होता, बायकोचा धाकटा भाऊ. बगळोबानंच त्याला इथं चिकटवलं होतं. मेहुणा तोंडाचा सैल आणि हाताचा चपळ. "वर भावजी, खाली मी. मधल्यामध्ये लोंबकळतंय ते आमच्या घरचं," असं तो सगळ्यांना ऐकवायचा.

मग नवा साहेब आला. दूरदेशीचा, इंग्रजीशिवाय दुसरी भाषा नाही. माणूस वाईट नव्हता, पण घाई त्याच्या हाडात होती. बोलता बोलता चालायचा आणि चालता चालता पुढचं बोलायला लागायचा. बगळोबाचं इंग्रजी म्हणजे अप, डाऊन, लेफ्ट, राइट, स्लो, स्टॉप आणि वस्तूंची नावं. तेवढ्यावर भागत होतं, कारण साहेब इशारेवाल्याला सांगे आणि इशारेवाला बगळोबाला.

एके दिवशी इशारेवाला तापानं आडवा झाला. त्याच्या जागी कुणाला बोलवावं एवढी साहेबाला उसंत नव्हती. त्यानं वॉकी-टॉकी स्वतःच हातात घेतला. सकाळ ठीक गेली. दुपारी सळ्यांचा एक भारा जिन्यामागे न्यायचा होता. साहेबाचा आवाज खरखरला: "ब्रिंग इट", मग एक इवलासा शब्द, मग "द वॉल". शेवटी "ओव्हर". बोलणं संपलं की ओव्हर म्हणायची साहेबाची सवयच होती. बगळोबाला तो शब्द म्हणजे बाटलीला बूच.

आणा. भिंत. बगळोबानं भारा भिंतीवर आणला आणि नेहमीच्या नजाकतीनं टेकवला.

त्या भिंतीचा वरचा टप्पा आदल्या दिवशीच ओतलेला होता. दोन्ही अंगांनी लाकडी फळ्यांचा साचा आणि त्याला तिरके टेकू. ओलं सिमेंट पोटात धरून उभ्या असलेल्या साच्यावर लोखंडाचा भार आला, टेकू निसटले आणि एक बाजू फाटून खाली आली. मेहुणा तिथंच उभा होता. भारा आपल्या डोक्यावरून पलीकडच्या फलाटाकडे जाणार म्हणून वर बघत उभा होता.

बगळोबाला यातलं काहीच दिसलं नाही. आधी वॉकी-टॉकीवर फक्त खरखर, मग साहेबाचं "स्टॉप! स्टॉप! अप!" आणि त्याच्या मागून मराठीत कुणाचा तरी ओरडा. त्यानं भारा उचलला, ब्रेक लावला आणि शिडीकडे धावला. ती शिडी उतरताना त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण फार उंचावर काम करतो.

मेहुण्याच्या मांडीचं हाड मोडलं आणि घोट्याचा चुरा झाला. जीव वाचला. दवाखान्यात त्याचा पाय पलंगाच्या वर कप्पीला टांगून ठेवला होता. दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन. बगळोबा आत शिरला आणि त्या कप्पीकडेच बघत राहिला. दोर, वजन, हुक. सगळं त्याच्या ओळखीचं. पलंगाशेजारी लोखंडी खुर्चीत सासूबाई बसल्या होत्या. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या, ताठ पाठीच्या, धारदार जिभेच्या. त्यांनी जावयाकडे पाहिलंही नाही. बायको दाराशी उभी होती, ती मात्र बघत होती. त्यापेक्षा तिनंही बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून चौकशीची भाषा सुरू झाली. साहेब म्हणाला, मी 'ओव्हर द वॉल' म्हणालो होतो. बांधकामावरचे लोक म्हणाले, खोटं. साहेब 'ऑन द वॉल'च म्हणाला आणि आता ध चा मा करतोय. चौकशी होईपर्यंत बगळोबाला वर चढायला मनाई झाली. त्यानं गवंड्यांच्या मुकादमाला बाजूला घेऊन विचारलं, "या दोन्हीत फरक काय?"

मुकादम म्हणाला, "ऑन म्हणजे वर."

"आणि ओव्हर?"

मुकादमानं डोकं खाजवलं. "ओव्हर म्हणजेसुद्धा... वर."

इथंच तर खरी गोम होती. त्या दिवसापासून बगळोबाचा जीव खालीवर होऊ लागला. जो माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत एका आसनावर बसायचा त्याला घरात दोन घोट चहा बसून पिता येईना. कप हातात घेऊन खिडकीपाशी जायचा, तिथून दाराशी, दाराशी गेला की चप्पल घालायचा आणि मग कुठं जायचं ते न सुचून परत काढायचा. बायको म्हणाली, "अहो, एका जागी बसा ना. तुमच्याकडे बघून मलाच गरगरतंय." तो बसायचा आणि त्याचा उजवा हात मांडीवर आपोआप लिव्हर ओढत राहायचा. तो इवला शब्द कानात आणायचा तो पुन्हापुन्हा प्रयत्न करी. साहेबाचा आवाज यायचा, भिंत यायची, शेवटचं बूच यायचं. मधला शब्द नेमका निसटायचा, ओल्या हातातल्या साबणासारखा.

शेवटी एका दुपारी दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं सासूबाईंना गाठलं. त्या नळाखाली फुलपात्र विसळत होत्या.

"आई, एक विचारायचं होतं. ऑन आणि ओव्हर यांत फरक काय?"

सासूबाईंनी नळ बंद केला. अपघातानंतर पहिल्यांदाच त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "आता विचारताय?"

"हो."

"माझ्या मुलाचा पाय मोडलात आणि आता माझ्याकडे शिकवणीला येताय?"

बगळोबा तिथंच, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा राहिला. सासूबाईंनी फुलपात्र पदराला पुसलं. मग म्हणाल्या, "सकाळी घरी या. मी दवाखान्यात यायला निघते त्याच्या आधी. आणि उशीर मला चालत नाही."

तो गेला तेव्हा स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं करून ठेवलेलं होतं. "बसा, जावईबापू." तो बसला आणि लगेच उठला. "बसवत नसेल तर उभ्यानं शिका," सासूबाई म्हणाल्या. "मी वर्गात अर्धी पोरं उभी करूनच शिकवलीत."

त्यांनी टेबलावर कप ठेवला. "कप कुठं आहे?"

"टेबलावर."

मग छतातून लोंबणाऱ्या दिव्याकडे बोट दाखवलं. "आणि दिवा?"

"टेबलावर."

"बघा. आपण दोन्हीला एकाच 'वर'मध्ये गुंडाळतो. फार काटेकोर असलो तर दिव्याला 'टेबलाच्या वर' म्हणू, पण बोलण्याच्या ओघात कोण एवढं बघतं? समोरच्याला कप दिसतो, दिवा दिसतो, म्हणून निभावतं." त्यांनी दिव्याकडचं बोट खाली घेतलं. "तुम्हाला दिसत नव्हतं."

बगळोबानं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"ऑन म्हणजे टेकलेलं. कप टेबलावर, पाल भिंतीवर, अंगठी बोटात. हो, अंगठीसुद्धा ऑनच, तोंड वाकडं करू नका. ओव्हर म्हणजे टेकायचं नाही. वर राहायचं किंवा वरून पलीकडे जायचं. मांजर भिंतीवरून उडी मारतं ते ओव्हर." त्यांनी कप उचलून साखरेच्या डब्यावरून पलीकडे नेला. "आपल्याकडे हे शब्द नामाच्या पाठीला चिकटतात. भिंती-वर, भिंती-खाली, भिंती-मागे. त्यांच्याकडे ते नामाच्या पुढे उभे राहतात, दारवानासारखे. आधी दारवान काय म्हणतो ते ऐकायचं, मग आत शिरायचं. तुम्ही फक्त भिंत ऐकलीत आणि दारवानाला ढकलून आत गेलात."

घरी परतताना बगळोबा दोन वेळा चुकीच्या गल्लीत शिरला. जिकडे बघावं तिकडे दारवान उभे होते. दुकानाच्या फळीवर डबे, ऑन. रस्त्यावरून गेलेली विजेची तार, ओव्हर. पुलाखालून जाणारी माणसं, अंडर. दोन मोटारींमधून अंग चोरून निघालेला सायकलवाला, बिट्वीन. कुणी बोलावं आणि यानं त्याच्या खांद्याच्या मागे काय आहे ते बघावं, असं होऊ लागलं.

सकाळच्या शिकवण्या चालू राहिल्या. सासूबाई काही हातचं राखून शिकवत नव्हत्या आणि मायेनंही शिकवत नव्हत्या. मोजूनमापून एकेक शब्द पुढ्यात टाकत होत्या. हे जागा दाखवणारे. हे दिशा दाखवणारे: टू म्हणजे कडे, इंटू म्हणजे आत शिरत, थ्रू म्हणजे आरपार. हे वेळ दाखवणारे.

"पाचला ऍट, सोमवारी ऑन, जूनमध्ये इन," त्या म्हणाल्या.

"सोमवारलाही ऑन? सोमवारवर काय टेकतं?"

"तुमचं राहिलेलं काम." त्या हसल्या नाहीत, पण आवाज किंचित सैल झाला. "जितकं नेमकं, तितका लहान शब्द. ऍट म्हणजे सुईचं टोक: फाटकापाशी, पाच वाजता. ऑन म्हणजे पृष्ठभाग. इन म्हणजे भांडं, ज्यात बरंच काही मावतं. पण सगळीकडे हे कारण पुरणार नाही. काही ठिकाणी ती माणसं तसं बोलतात म्हणून तसं, एवढंच. तिथं डोकं लावायचं नाही, पाठ करायचं."

पुढे जोडशब्द आले, दोन-तीन मिळून एकाचं काम करणारे: समोर सांगायला इन फ्रंट ऑफ, ऐवजी सांगायला इन्स्टेड ऑफ, मुळे सांगायला बिकॉज ऑफ. मग एके सकाळी 'बाय' आला. "हा बहुरूपी आहे," सासूबाई म्हणाल्या. "खिडकीजवळ, बाय. सोमवारपर्यंत, बाय. बसनं गेलो, बाय. आणि कुणी केलं ते सांगायलाही बाय." त्यांनी एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर गाळलेल्या जागांची वाक्यं लिहून त्याच्यापुढे सरकवली.

बगळोबा एकेक जागा भरत गेला. शेवटच्या वाक्यावर त्याची पेन्सिल अडली. भारा क्रेनवाल्याकडून खाली सोडला गेला, असं ते वाक्य होतं. क्रेनवाल्याच्या आधीची जागा मोकळी.

"हे तुम्ही मुद्दाम घातलंत," तो म्हणाला.

"हो," सासूबाई म्हणाल्या. "भरा."

त्यानं बाय लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. सासूबाईंनी पाकीट ओढून घेतलं, तपासलं, बरोबरची खूण केली आणि उठून दवाखान्यात न्यायचा डबा भरू लागल्या. त्यांची पाठ त्याच्याकडे होती. डब्याचं झाकण काही केल्या लागत नव्हतं. त्या ते पुन्हापुन्हा दाबत होत्या. बगळोबानं पुढे होऊन झाकण लावून दिलं.

चौकशीचा दिवस जवळ आला तसा घरातला दाब वाढला. मेहुण्यानं त्याला पलंगाजवळ बोलावलं. पाय अजून टांगलेलाच होता.

"भावजी, यात अवघड काय आहे? साहेब ऑन म्हणाला, एवढं सांगायचं. मी स्वतः ऐकलं. तुम्ही सुटाल, माझ्या उपचाराचीही सोय होईल, आणि तो जाईल आपल्या गावी परत."

"मला आठवत नाही रे."

"मला आठवतंय ना! माझ्या आठवणीवर सांगा."

बायकोनं घरी आल्यावर तोच धागा ओढला. "तुम्हाला साहेब जवळचा का माझा भाऊ?"

"अगं, प्रश्न जवळच्या-लांबच्याचा नाही."

"मग कशाचा आहे?"

ते त्याला सांगता येईना. प्रश्न असा होता की आता त्याला फरक कळत होता. कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं ऑन आणि ओव्हर वेगळे काढून दाखवले असते. पण ज्या कानांनी त्या दुपारी ऐकलं ते कान अडाणी होते. त्यांना दोन शब्द एकच वाटले आणि त्यांनी दोन्ही एकाच कप्प्यात टाकून दिले. आज कप्पे वेगळे झाले म्हणून तेव्हा टाकलेलं थोडंच निवडून निघणार होतं? शिकल्यानं आठवेल अशी त्याला आशा होती. उलट जितकं शिकत गेला तितकं ते लांब गेलं. आता साहेबाचा आवाज त्याला दोन्ही शब्द ऐकवू लागला, आलटून पालटून, दोन्ही तितकेच स्पष्ट.

चौकशीच्या सकाळी तो सासूबाईंकडे गेला. "आई, काय सांगू?"

सासूबाई कंगवा हातात धरून थांबल्या. "मी व्याकरण शिकवते, जावईबापू. साक्ष शिकवत नाही."

चौकशी बांधकामाच्या कचेरीतच होती. पत्र्याची खोली, लांब टेबल, भिंतीला टांगलेली पिवळी हेल्मेटं. चौकशीला आलेल्या सुरक्षा अधिकारी बाईंना दोन्ही भाषा येत होत्या. साहेब समोर बसला होता. दाढी वाढलेली, डोळ्यांखाली काळं. बोलता बोलता चालणारा हा माणूस आज खुर्चीत गाडल्यासारखा दिसत होता. त्यानं आपलं म्हणणं सांगितलं: मी ओव्हर म्हणालो. बाईंनी विचारलं, खात्री आहे? साहेब म्हणाला, मी नेहमी तसंच म्हणतो.

मग बाई बगळोबाकडे वळल्या. "तुम्ही काय ऐकलंत?"

बगळोबा उभा राहिला. "मला माहीत नाही."

"म्हणजे ऐकू आलं नाही?"

"ऐकू आलं. पण तेव्हा मला दोन्ही शब्द एकच होते. दोन्ही म्हणजे वर. आणि साहेब प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ओव्हर म्हणतात, त्यामुळे तो शब्द मी मोजायचंच सोडलं होतं. आता मला फरक कळतो, पण आताचं कळणं तेव्हाच्या कानात घालता येत नाही. ऑन ऐकलं असं म्हणालो तर खोटं. ओव्हर ऐकलं असं म्हणालो तरी खोटंच."

बाईंनी ते इंग्रजीत साहेबाला सांगितलं. बाईंनी पुढे विचारलं, "न कळलेल्या हुकमावर भारा का हलवलात? विचारलं का नाहीत?"

याचं उत्तर त्याच्याकडे होतं, आणि तेच सगळ्यांत जड होतं. "कळलं नाही असं वाटलंच नाही, बाई. कळलं असंच वाटलं."

निकाल कुणाच्याच मनासारखा लागला नाही. शिकवलेला इशारेवाला नसताना काम चालू ठेवलं हा दोष कंपनीचा ठरला, म्हणून मेहुण्याच्या उपचाराची आणि पगाराची सोय झाली. साहेब राहिला, पण वॉकी-टॉकी त्याच्या हातून गेला. ठरलेल्या शब्दांतच बोलायचं, ऐकणाऱ्यानं हुकूम जसाच्या तसा उलटून म्हणून दाखवायचा आणि होकार आल्याशिवाय काही हलवायचं नाही, असा नियम झाला. बोलणं संपल्यावर ओव्हर म्हणणं बंद झालं. बगळोबाला सांगण्यात आलं, परीक्षा द्या, पास व्हा, मग वर चढा.

मेहुण्यानं बोलणं टाकलं. बायको बोलायची, पण कामापुरतं: दूध संपलंय, दार लावून घ्या. बगळोबा आता बांधकामाच्या आवारात जमिनीवर काम करत होता. झिजलेले तारेचे दोर वेगळे काढायचे, हुकांना तेल द्यायचं. वर क्रेन दुसरा कुणी चालवायचा आणि भारा जरा झुलला की खाली बगळोबाचे पाय अस्वस्थ व्हायचे. जेवायच्या सुट्टीत बाकीचे सावलीत पडत, हा कुंपणाच्या कडेकडेनं फेऱ्या मारी, ओठ हलवत. लोक म्हणत, बगळोबाला मंत्र लागलाय.

सासूबाईंकडे जायला तो निकालानंतर बिचकला होता. पण गेला. दार उघडलं, टेबल मोकळं होतं.

"आज बिट्वीन आणि अमंग," त्या म्हणाल्या. "दोघांच्या मध्ये बिट्वीन, पुष्कळांच्या मध्ये अमंग. सध्या मुलगा तुमच्याशी बोलत नाही आणि मुलगी माझ्याशी धड बोलत नाही, मी तुम्हाला शिकवते म्हणून. तेव्हा मी कोण?"

"बिट्वीन," बगळोबा म्हणाला.

"बरोबर. बसा आता. उभ्यानं फार झालं."

तो बसला. पुरता तासभर बसला नाही, पण बसला.

पहिल्या परीक्षेत तो नापास झाला. आवारातल्या छोट्या क्रेनवर त्याला बसवलं, चौकशीवाल्या बाई वॉकी-टॉकीवर हुकूम देत होत्या आणि मध्ये पिंपांची रांग होती. त्याला एकूण एक शब्द कळत होता. तो हुकूम उलटून म्हणत होता, बरोबर म्हणत होता, होकार मिळवत होता. आणि मग पुन्हा विचारत होता. तिसऱ्यांदा विचारत होता. भारा जमिनीपासून वीतभर उचललेला तो तसाच. वेळ संपली तेव्हा निम्मे हुकूम राहिलेच होते.

"तुम्हाला कळतं सगळं," बाई म्हणाल्या. "तुम्ही हलत नाही."

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "याला माझ्याकडे औषध नाही. व्याकरणानं हात हलत नाहीत." मग थोड्या वेळानं, "पण हात हलत नाहीत म्हणून मला तुमची काळजी कमी वाटते."

मेहुणा दवाखान्यातून घरी आला होता. चार पायांची काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालायला शिकत होता. एका संध्याकाळी बगळोबा सासूबाईंची औषधं द्यायला गेला तेव्हा घरात तो एकटाच. बगळोबा पिशवी ठेवून निघणार, तोच मागून आवाज आला.

"भावजी."

तो वळला.

"खरं सांगा. अजूनही आठवत नाही?"

"नाही."

"मग मनाला काय सांगता?"

"त्याला काही सांगायला जावं तर तेच मला विचारतं."

मेहुणा काठी टेकत पलंगापर्यंत गेला, धाडकन बसला, पाय दोन्ही हातांनी उचलून वर घेतला. "मीही ऐकलं नव्हतं," तो म्हणाला. "माझ्याकडे वॉकी-टॉकी होता कुठं? मी म्हटलं ऑन, कारण तसं असलं तर तुमची चूक नव्हती. नुसत्या साहेबावर चिडणं मला सोपं होतं. तुमच्यावर चिडायचं म्हणजे..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "घोट्यात रात्रंदिवस ठणकतंय बघा. बसा जरा. उभे राहू नका डोक्यावर."

"डोक्यावर नाही," बगळोबा म्हणाला. "शेजारी."

मेहुण्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि अपघातानंतर पहिल्यांदा खळखळून हसत शिवी दिली. "आईनं तुमचं पार वाटोळं केलंय!"

दुसऱ्या परीक्षेत बगळोबा पास झाला. प्रत्येक हुकूम दोनदाच विचारायचा, असं त्यानं स्वतःला बजावलं होतं. तोपर्यंत जुन्या इशारेवाल्याचा खोकला वाढला आणि त्यानं काम सोडलं. मेहुण्याला आता भारे बांधायला चपळाईनं वाकता येणार नव्हतं, उभं राहता येत होतं. त्यानं ती जागा मागितली. सासूबाईंच्या टेबलाशी आता दुसरा विद्यार्थी बसू लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त ओरडा खाऊ लागला.

दोघं एकत्र कामावर निघाले त्या पहिल्या सकाळी बायकोनं दोघांचे डबे भरले. नवऱ्याच्या हातात डबा देताना म्हणाली, "सांभाळून." मग भावाकडे वळून पुन्हा, "सांभाळून." दोघांना एकच शब्द, एकाच आवाजात, कितीतरी दिवसांनी.

बगळोबा शिडी चढला. काचेच्या खोलीत दुसऱ्याच्या सवयीनं पुढे सरकवलेली खुर्ची मागे घेतली. पायाखालच्या काचेतून सगळं लहान लहान दिसत होतं: वाळूचा ढीग, साहेबाची पांढरी टोपी. जिन्याची भिंत तिथंच होती, आता पक्की, साचा उतरवलेली. तिच्यामागे काय आहे ते आजही दिसत नव्हतं. सळ्यांचा भारा हुकाला लागला.

वॉकी-टॉकी खरखरला. ठरलेल्या शब्दांत, शाळेतल्या मुलासारखं तोलून तोलून मेहुणा बोलला: भारा भिंतीवरून पलीकडे न्या, फलाटाच्या वर धरून ठेवा.

बगळोबानं हुकूम उलटून म्हटला. होकार आला. त्यानं पुन्हा म्हटला. पुन्हा होकार आला. भारा उठला, फिरला, भिंतीच्या माथ्यावरून हवेतून पलीकडे गेला आणि दिसेनासा झाला. दोर ताणलेला, लिव्हरवर बोटं ताणलेली.

"आता फलाटावर ठेवा," मेहुणा म्हणाला. "सावकाश."

"फलाटावर. टेकवून?"

"टेकवून."

"खाली कुणी आहे?"

"कुणी नाही."

"तू कुठं आहेस?"

खालून नुसती खरखर आली. मग मेहुण्याचा आवाज आला, ठरलेले शब्द सोडून, घरी बोलावं तसा. "मी लांब आहे हो भावजी. भिंतीमागच्या पाण्याच्या टाकीपाशी उभा आहे. सोडा."

बगळोबानं एकदा विचारलं, "टाकीच्या अलीकडे का पलीकडे?" आणि उत्तर मिळाल्यावर लिव्हर केसभर पुढे ढकलला.